चार कानांची खोली

शाळेत समुपदेशक म्हणून रुजू झाले तेव्हा मला मिळालेली खोली पूर्वी क्रीडासाहित्याची होती. लेझमांचा ढीग, हवा गेलेले दोन फुटबॉल आणि चुन्याची अर्धी गोणी बाहेर काढून तिथे एक टेबल आणि दोन खुर्च्या ठेवण्यात आल्या, दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लागली, आणि मुख्याध्यापकांनी परिपाठाच्या वेळी मोठ्या उत्साहाने जाहीर केले की ज्यांना काही अडचण असेल त्यांनी मोकळेपणाने ताईंकडे जावे. पहिले तीन आठवडे कोणीही आले नाही. चौथ्या आठवड्यात शिपाईमामांनी बोलता बोलता कारण सांगितले: “ताई, पोरं म्हणतात, त्या खोलीत गेलं की वेडं ठरतंय.” खोली व्हरांड्याच्या मधोमध होती आणि समोरच पिण्याच्या पाण्याची टाकी होती. मधल्या सुट्टीत टाकीपाशी उभ्या असलेल्या शे-दीडशे पोरांच्या देखत माझ्या दारापर्यंत चालत येणे, म्हणजे तोंड उघडण्याआधीच सगळ्या शाळेला काहीतरी सांगून टाकणे होते.

गोपनीयतेविषयी प्रशिक्षणात मी पुष्कळ ऐकले होते, पण तिची सुरुवात दारापासून होते हे तिथे कोणी सांगितले नव्हते. मी ती पाटी काढायला लावली. जागेअभावी पेट्यांमध्ये पडून असलेली ग्रंथालयाची पुस्तके मागून घेतली, त्यांची दोन कपाटे खोलीत लावली आणि पुस्तके बदलून देण्याचे काम स्वतःकडे घेतले. आता माझ्याकडे यायला प्रत्येकाजवळ चारचौघांत सांगता येईल असे एक कारण होते. कोणी खरोखरच पुस्तकासाठी येई, तर कोणी पुस्तक हातात घेऊन नुसती पाने चाळत उभे राही आणि घंटा झाल्यावर जाता जाता एखादे वाक्य बोलून जाई. त्या एका वाक्यासाठी मी रोज दोन तास रजिस्टरात पुस्तकांचे नंबर लिहीत बसे, आणि ग्रंथपालाचे मानधन मात्र मला कधीच मिळाले नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

मराठीत ‘षट्कर्णी होणे’ असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. दोघांच्या चार कानांत असलेली गोष्ट टिकते, तिसरा माणूस आला की कान सहा होतात आणि गोष्ट फुटते, इतका त्याचा साधा हिशेब. माझी नोकरीची बरीचशी वर्षे या पाचव्या आणि सहाव्या कानाला दाराबाहेर थोपवण्यात गेली. हे कान बहुतेक वेळा दुष्टाचे नसतात. ते आईचे असतात, वर्गशिक्षिकेचे असतात, ज्यांनी पोराच्या सहलीचे पैसे गुपचूप भरले त्या सरांचे असतात. एकदा तर ते मीच, डबा खाता खाता, बोलावून घेतले.

त्या प्रसंगाविषयी लिहिण्याआधी एक सांगायला हवे. या लेखात जी मुले येतील त्यांचे गाव, इयत्ता, वर्ष, घरची माणसे यांतले बरेच काही मी बदलले आहे, दोन मुलांचे एक केले आहे आणि एकाचे दोन, आणि नेमके काय बदलले हेही सांगणार नाही. लिहिणाऱ्याला तपशिलाची ओढ असते, पण आमच्या कामात तपशील हाच मोठा चुगलखोर असतो. ही गोष्ट मला एका देवळातल्या ट्यूबलाइटने शिकवली.

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत डबे उघडले होते आणि हल्लीच्या पोरांना सगळे हातात मिळते तरी ती अभ्यास करत नाहीत, असे नेहमीचे बोलणे चालले होते. मला ते सहन होईना. आदल्याच दिवशी एका मुलाने मला सांगितले होते की वडील पिऊन आले की घरात दिवा लावू देत नाहीत, म्हणून तो दप्तर घेऊन देवळाच्या सभामंडपात जातो आणि तिथल्या ट्यूबखाली रात्री अकरापर्यंत गणिते सोडवतो. मी त्याचे नाव घेतले नाही. ‘आपल्याच शाळेतला एक मुलगा’ एवढेच म्हणाले, देवळाचे आणि दिव्याचे सांगितले, आणि त्याची बाजू मांडल्याच्या समाधानात पुढचा घास घेतला. पण त्या गावात रात्री अकरापर्यंत ट्यूब चालू राहणारे देऊळ एकच होते आणि त्याच्या समोरच्या आळीत आमचे दोन शिक्षक राहत होते. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एका सरांनी, ज्यांच्याइतका पोरांवर जीव असलेला माणूस मी क्वचितच पाहिला असेल, भर वर्गात त्याला उभे करून सांगितले, “बाळा, रात्री देवळात बसत जाऊ नकोस, आमच्या ओट्यावर ये, तिथं चांगला उजेड आहे.” वर्गातल्या सगळ्या माना वळल्या. संध्याकाळपर्यंत वडिलांचे पिणे, आईचे माहेरी निघून जाणे आणि घरात दिवा न लागणे हे सारे पोरांच्या तोंडी झाले होते, आणि त्यातले निम्मे तर त्याने मलाही सांगितलेले नव्हते.

तो मुलगा पुन्हा माझ्या खोलीत आला नाही. घेतलेले पुस्तकसुद्धा त्याने मित्राच्या हाती परत पाठवले. मी एकदा त्याला टाकीपाशी गाठले आणि माझे चुकले असे म्हणाले, तेव्हा तो चपलेच्या टोकाने माती उकरत राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “काही नाही ताई, आता सगळ्यांनाच माहीत आहे.”

पुढे पोक्सो कायद्याचे, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२च्या कायद्याचे, कलम २३ वाचताना मला ते देऊळ आठवले. पीडित बालकाची ओळख कोणत्याही माध्यमाने उघड करू नये असे ते कलम सांगते, आणि ओळख कशाकशाने उघड होते याची यादीही देते: नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, आणि ज्यावरून मूल ओळखू येईल असा दुसरा कोणताही तपशील. त्यातल्या ‘शेजार’ या शब्दापाशी मी थांबले. नाव गाळले की ओळख पुसली गेली, असे मोठ्या शहरात राहणाऱ्याला वाटू शकते, पण हे कलम लिहिणाऱ्याला आळी ठाऊक असावी. बाल न्याय अधिनियम, २०१५ यातले कलम ७४ आणखी पुढे जाते. प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा त्या मुलाची नोंद बाहेर काढू नये, असे त्यात म्हटले आहे, म्हणजे चौदाव्या वर्षी जे घडले त्याने चोविसाव्या वर्षी नोकरीच्या दारात आडवे येऊ नये. सर्वोच्च न्यायालयानेही ११ डिसेंबर २०१८ रोजी एका निकालात बजावले की बलात्कारपीडित व्यक्तीची ओळख पटेल असे काहीही दूरान्वयानेसुद्धा प्रसिद्ध करता येणार नाही, मग ती व्यक्ती हयात नसली तरी. देवळात अभ्यास करणारा माझा मुलगा कोणत्याही गुन्ह्यातला पीडित नव्हता, त्यामुळे त्याला यातले काहीच लागू होत नव्हते. त्याच्या वाटचे संरक्षण म्हणजे केवळ माझे तोंड होते.

दुसरी चूक याच्या अगदी उलट प्रकारची आहे आणि पहिलीपेक्षा जुनी आहे. कपाटे आली त्याच वर्षी एक मुलगी शाळा सुटल्यावर खोलीत आली, बराच वेळ पुस्तकांच्या पाठांवरून बोट फिरवत राहिली आणि मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, “कुणाला सांगणार नाही ना?” मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. समोर मूल रडवेले झाले की तोंड बुद्धीच्या पुढे धावते, याचे मला तेव्हाही भान असायला हवे होते, कारण कायद्याचा पेपर मी चांगल्या गुणांनी पास झाले होते. तिने जे सांगितले ते मी इथे लिहीत नाही. ते मोठ्या माणसाने स्वतःपाशी ठेवणे कायद्याला मंजूर नाही, एवढेच सांगते. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात असलेल्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा अपराध घडला आहे हे ज्याला कळले त्या कोणाही व्यक्तीने, मग ती शिक्षक असो, डॉक्टर असो की समुपदेशक, विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना ते कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला अपराध दडवत असेल तर वर्षापर्यंत.

मी दुसऱ्या दिवशी तिला बोलावून हे सांगितले. ती रडली नाही, ओरडली नाही. “पण तुम्ही शप्पथ घेतली होती,” एवढेच म्हणाली.

पुढचे जेवढे नीट करता येईल तेवढे केले. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशात नसताना घ्यावा, अशी तरतूद याच कायद्यात आहे. ती दाखवून मी जीप शाळेच्या फाटकाशी आणू नका अशी विनंती केली, कारण जीप दिसली असती तर पाण्याच्या टाकीपाशी काय काय तर्क लढवले गेले असते हे मला पक्के ठाऊक होते. अधिकारी बाई साध्या पंजाबी ड्रेसमध्ये स्कूटीवरून आल्या, कोणाची तरी मावशी पुण्याहून आली असावी अशा. त्यांनी पाणी मागितले, पंख्याखाली बसल्या आणि पहिली दहा मिनिटे मुलीशी शाळेतल्या खिचडीविषयी बोलल्या. बालकल्याण समितीकडेही चोवीस तासांच्या आत अहवाल गेला. सगळे नियमाप्रमाणे झाले. फक्त जबाब कुठे द्यायचा असे मुलीला विचारण्यात आले तेव्हा तिने माझी खोली निवडली नाही.

तेव्हापासून मी शपथ घेत नाही. कोणी खुर्चीवर टेकायच्या बेतात असले की आधी सांगून टाकते: तू जे बोलशील ते माझ्यापाशी राहील, पण तुझ्या जिवाला धोका असला, तुझ्या हातून दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असला, किंवा कोणी तुझ्या अंगाला नको तसा हात लावत असले, तर मला आणखी एका मोठ्या माणसाची मदत घ्यावी लागेल. ती कोणाची घेणार हे मात्र आधी तुला सांगेन. हे असे आधीच सांगितल्याने मुले बोलायची थांबतात, असा आक्षेप माझ्याच सहकाऱ्यांनी घेतला आहे आणि तो अगदीच खोटा नाही. एका मुलाने हे ऐकून शांतपणे “मग दुसरंच सांगतो” असे म्हटले, आणि सलग तीन आठवडे तो मला त्याच्या क्रिकेटच्या टीममधली भांडणे सांगत राहिला. कोणता खेळाडू फुटून दुसऱ्या गल्लीत गेला आणि बॉलचे पैसे कोणी बुडवले, हे मला आजही पाठ आहे. चौथ्या आठवड्यात त्याने स्टंपची गोष्ट अर्ध्यावर सोडली आणि म्हणाला, “ताई, त्या तीन गोष्टींमधली तिसरी आहे.” ते तीन आठवडे त्याने कसे काढले असतील याचा विचार मी आजही टाळू शकत नाही, आणि शपथ घेतली असती तर ते पहिल्याच दिवशी बाहेर आले असते हेही मला कळते. पण त्याने दार स्वतः उघडले होते, पलीकडे काय आहे ते माहीत असताना. पुढे पोलीस आले, समिती आली, तपासणी झाली, तेव्हा त्याने प्रत्येक पायरीवर माझ्याकडे पाहून “आता कोण?” असे विचारले आणि मी सांगत गेले.

कळवण्याची ही सक्ती सरसकट सगळ्यांच्या भल्याचीच ठरते असे मात्र मला वाटत नाही. अठरा वर्षांखालची व्यक्ती कायद्याने बालक, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीचे आपल्याच वयाच्या मुलाशी, तिच्या मर्जीने जुळलेले नातेही कायद्याच्या लेखी अपराधच ठरते, आणि ती डॉक्टरकडे गेली की डॉक्टरवर कळवण्याचे बंधन येते. आमच्याकडच्या सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री’ नावाचे दवाखाने आहेत. नाव चांगले आहे, पण ज्या मुलीला मैत्रीण कुजबुजत सांगते की तिथे गेलीस तर पोलीस घरी येतील, ती तिथे न जाता मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या घेते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात हा पेच ओळखला. अल्पवयीन मुलीचा गर्भपात करताना डॉक्टरने कलम १९ खाली माहिती कळवावी, परंतु मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केली तर तिचे नाव आणि ओळखीचा तपशील त्यात देण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. गोष्ट सहाव्या कानापर्यंत पोचली तरी नाव चौथ्यापाशीच थांबेल, अशी ही वाट. तालुक्याच्या किती डॉक्टरांना ती माहीत आहे हा प्रश्न वेगळा. मी माझ्यापुरती त्या निकालाची छापील प्रत टेबलाच्या खणात ठेवते आणि विचारणाऱ्याला वाचायला देते.

पोलिसांपेक्षा अवघड असतात त्या आया. “नऊ महिने पोटात वाहिलंय मी तिला, मला नाही सांगणार तर कुणाला सांगणार?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण प्रश्न खराच आहे. आपल्याकडे मुलांचे खाजगी असे काही असते ही कल्पनाच घरात रुजलेली नाही. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात हे त्याचे एक कारण असले तरी ते पुरेसे नाही, कारण आठ खोल्यांच्या बंगल्यातही मुलीच्या टेबलाचा खण आई ‘आवरते’. मी बारा वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या मावशीने माझी रोजनिशी आंबे चोखत बसलेल्या सगळ्या घरासमोर वाचून दाखवली होती. सगळे प्रेमाने हसले, आजोबांनी तर अक्षराचे कौतुक केले. त्यानंतर मी रोजनिशी लिहिली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेच्या सोळाव्या कलमात मुलाच्या खाजगी जीवनात, घरात आणि पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ होऊ नये असे म्हटले आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. ‘पत्रव्यवहार’ हा शब्द तिथे पाहिल्यावर मला पहिल्यांदा मावशीच आठवली.

आईला भेटण्याआधी मी मुलीला विचारते, “यातले आईला किती सांगू?” मुले या प्रश्नाने चकित होतात, कारण ‘किती’ असे काही ठरवता येते हे त्यांना माहीत नसते. त्यांना वाटते, एक तर सगळे नाही तर काहीच नाही. थोडा विचार करून एकीने मला सांगितले, “गणितात नापास होईन अशी भीती वाटते ते सांगा. जेवण टाकून देते तेही सांगा. मैत्रिणीचं नको.” मग आईला मी तेवढेच सांगितले, आणि वर म्हटले की आठ दिवस परीक्षेचा विषय काढू नका, रात्री तिच्याजवळ झोपा, फोन तपासू नका. काय बोलली ते न सांगता काय करा ते सांगता येते, आणि बहुतेक आयांना खरे तर दुसऱ्याचीच गरज असते. तिसऱ्या दिवशी ती आई डब्यात लाडू घेऊन आली. मैत्रिणीचे काय ते तिला कधी कळले की नाही, मला माहीत नाही.

माझ्या नोंदवहीत नावे नाहीत, क्रमांक आहेत. कोणता क्रमांक कोणाचा ती यादी वेगळ्या कपाटात असते आणि त्या कपाटाची किल्ली शाळेच्या जुडग्यात नाही. मुलाचे शब्द अवतरणात जसेच्या तसे लिहायचे, माझे अनुमान त्याच्याखाली वेगळ्या ओळीत, आणि उद्या न्यायालयात किंवा त्या मुलासमोर मोठ्याने वाचता येणार नाही असे काही लिहायचेच नाही, हा नेम. आमच्या एका पाहणी अधिकाऱ्यांना वही फारच रोडकी वाटली आणि त्यांनी ‘सविस्तर नोंदी ठेवाव्यात’ असा शेरा मारला. मी तो शेरा तारखेसह जपून ठेवला आहे आणि वही होती तशीच ठेवली आहे. शैक्षणिक साहित्य वाटपाच्या फोटोंवरून मात्र माझे अजून भांडण चालू आहे. फ्लेक्सखाली ओळीने उभी केलेली ‘निराधार’ मुले, प्रत्येकाच्या हातात सहा वह्या, आणि तो फोटो संध्याकाळच्या आत पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. दात्यांना पावती हवी असते हे मला समजते. वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो काढा, असे मी दर वर्षी सुचवते आणि दर वर्षी हसण्यावारी नेले जाते.

मुलांना मी आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, की शाळेबाहेर, बाजारात किंवा जत्रेत भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर दाखवीन. काही जण याने दुखावतात आणि मग हळूहळू त्यांना ते समजते.

मध्यंतरी एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहत बसले होते. समोरच्या बाकावर एक तरुण बाई बसली होती, कडेवर वर्षाचे लेकरू, शेजारी सासूबाई असाव्यात. मी तिला लगेच ओळखले. ती कोण, कोणत्या गोष्टीतली, की या लेखात नसलेलीच, ते लिहीत नाही. मी फलाटावरच्या वेळापत्रकाकडे पाहू लागले, आणि ते इतके मन लावून पाहिले की माझ्या नसलेल्या चार गाड्यांच्या वेळा पाठ झाल्या. थोड्या वेळाने ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मागोमाग सासूबाईही आल्या. “आई, या आमच्या शाळेतल्या लायब्ररीच्या ताई,” ती म्हणाली.

सासूबाईंनी मला नीट न्याहाळले आणि कौतुकाने विचारले, “ही वाचायची का हो शाळेत?”

“पुष्कळ,” मी म्हटले. “पुस्तक बदलायला रोज यायची.”

तिने लेकराला या कडेवरून त्या कडेवर घेतले. गाडी लागली होती. खिडकीची जागा धरायला ती सासूबाईंच्या पुढे होऊन चढली.